शेंदुरजन्याची कलम

तिवसा तालुक्यातही एक शेंदुरजना आहे, शेंदुरजना बाजार. पण संत्र्याच्या कलमा आणायला निघालेला शेतकरी "शेंदुरजन्याला चाललो" म्हणाला, की तो वरुड तालुक्यातल्या शेंदुरजनाघाटला निघाला असं समजायचं. सातपुड्याच्या पायथ्याचं हे गाव संत्र्याच्या पन्हेरीसाठी, म्हणजे रोपवाटिकांसाठी, ओळखलं जातं.

संत्र्याचं झाड दोन जिवांचं. खाली जंभेरीचा खुंट, वर नागपुरी संत्र्याचा डोळा. जंभेरीच्या एका बीतून अनेकदा दोन-तीन रोपं निघतात. त्यातली बहुतेक हुबेहूब आईसारखी, एखादं मात्र परागीकरणातून आलेलं, वेगळ्या वळणाचं. ते वेळीच उपटून फेकण्यात पन्हेरीवाल्याची नजर कळते. त्याला ते विकायचा मोह झाला, तर पुढे बागेत झाडं उंच-ठेंगणी होतात.

हिवाळ्यात खुंटाची साल सुटू लागली की डोळे बांधायला कारागीर बसतात. सालीवर इंग्रजी 'टी'सारखा काप, त्यात डोळा, वरून पट्टी. हा डोळा जमिनीपासून वीतभर वर हवा. पावसाच्या थेंबांबरोबर मातीतली फायटोप्थोरा बुरशी उडते, ती संत्र्याच्या सालीला लागली की डिंक्या रोग. एवढं जपून बांधलेला डोळा लागवडीच्या वेळी मातीत गाडणारेही आहेत!

खरा घोळ मातीचाच. त्याच वाफ्यात वर्षानुवर्षं पन्हेरी घेतली की बुरशी तिथे मुक्कामाला येते आणि हिरव्यागार कलमेच्या मुळ्यांतून बागेत पोचते. ट्रिस्टेझा आणि ग्रीनिंग हे रोग तर डोळकाडीतून, म्हणजे डोळे काढायच्या फांदीतूनही येतात. उसाचं बरं असतं: बेणं ५४ अंश सेल्सिअसच्या दमट उष्ण हवेत अडीच तास ठेवलं, की गवताळ वाढीच्या रोगाला आळा बसतो, शिवाय तीन-चार वर्षांनी बेणं बदलता येतं. संत्र्याची चूक मात्र वीस वर्षं शेतात उभी राहते.

त्यावरचा उपाय नागपुरात, अमरावती रस्त्यावरच आहे. १९८५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन केंद्राने (आता ती केंद्रीय संस्था आहे) शेंडाकलमाचं तंत्र इथे रुजवलं. मिलिमीटरभरही नसलेलं शेंड्याचं टोक सूक्ष्मदर्शकाखाली कापून, काचनळीत वाढवलेल्या रोपावर बसवायचं. तिथपर्यंत विषाणू सहसा पोचलेला नसतो. अशा मातृवृक्षांना कीडरोधक जाळीत ठेवायचं, कारण हे रोग पसरवणारे सायला आणि मावा बाहेर टपलेलेच असतात. रोपं वाफ्याऐवजी पिशवीत, उन्हाळ्यात पारदर्शक प्लास्टिकखाली तापवून घेतलेल्या मातीत वाढवायची.

हे सगळं खर्चाचं, म्हणून ही कलम महाग पडते. आणि गिऱ्हाईक उंची बघून भाव करतं. आखूड पण तंतुमुळांनी भरलेली कलम बाजूला राहते, लंबुळकी आधी उठते. रोग दिसायला लागतो तो बहुधा झाड पहिल्या बहराला आल्यावर, चौथ्या-पाचव्या वर्षी. तेव्हा पन्हेरीवाल्याला जाब विचारायला पावतीसुद्धा हाताशी नसते. वाफ्यातली कलम घेताना निदान एक तरी उपटायला लावून मुळ्या पाहाव्यात, आणि डोळकाडी कुठल्या झाडाची, हे तिथेच विचारावं. चांगला पन्हेरीवाला ते झाड दाखवायला सोबत येतो.