हाडांतले बी

बकऱ्याची नळी फोडली की आत मऊ गर निघतो. तसाच गर आपल्या हाडांत असतो. त्याला मज्जा म्हणतात. पुष्कळांना वाटते, रक्त काळजात तयार होते. तसे नाही. काळीज रक्त फिरवते एवढेच. रक्ताचे कण तयार होतात ते मज्जेत. मज्जा म्हणजे रक्ताच्या रोपांचा वाफाच! तांबडा कण चार महिने जगतो; पांढरे कण बरेचसे थोड्याच दिवसांचे सोबती. म्हणून या वाफ्यात रोज नवी रोपे यावी लागतात.

आता हे बीच जळाले तर?

युगोस्लाव्हिया नावाचा देश पूर्वी होता. तेथे बेलग्रेड शहराजवळ विंचा या गावी अणुभट्टी होती. १५ ऑक्टोबर १९५८ रोजी ती काबूबाहेर गेली आणि सहा जणांच्या अंगातून तिचे किरण गेले. हे किरण दिसत नाहीत, म्हणून माणूस फसतो. आधी उलट्या होतात, मग बरे वाटते. पण आत जुने कण संपत असतात आणि नवे येत नाहीत. दोन-तीन आठवड्यांनी ताप चढतो, हिरड्यांतून रक्त येते.

सहाही जणांना पॅरिसला नेले. तिथले डॉक्टर जॉर्ज माते यांनी पाच जणांना दुसऱ्यांची मज्जा दिली. देणारी माणसे फ्रेंच. ना नात्याची, ना ओळखीची! देणाऱ्याच्या हाडात सुई घालून मज्जा काढायची आणि रोग्याच्या शिरेत सोडायची. हाडापर्यंतची वाट ती आपली आपण शोधते. देणाऱ्याची मज्जा काही आठवड्यांत पुन्हा भरून येते.

पाचांतला एक दगावला, चौघे वाचले. ज्याला मज्जा दिली नव्हती तोही वाचला. पुढे दिसले की, उसनी मज्जा थोडेच दिवस टिकली. नंतर त्यांचे स्वतःचेच बी पुन्हा उगवले. उसन्या मज्जेने मधले दिवस निभावले, असे काही डॉक्टर म्हणतात. काही म्हणतात, तिच्यावाचूनही ते जगले असते. मला विचाराल तर, देणाऱ्यांचे मोल त्याने कमी होत नाही.

१९८६ साली चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. तेव्हा तेरा जणांना मज्जा दिली, पण दोघेच वाचले. बाकीच्यांपैकी पुष्कळांची कातडी आणि आतडीही जळली होती. नुसता वाफा दुरुस्त करून काय होणार?

म्हणून आता आधी रक्त देतात, जंतूंपासून जपतात, मज्जेला जोर आणणारी इंजेक्शने देतात. तिचे बी उगवणारच नाही असे दिसले, तरच दुसऱ्याची मज्जा देण्याचा विचार करतात. हा उपाय आज रक्ताच्या कर्करोगावर अधिक चालतो. मुंबईच्या टाटा रुग्णालयात तो १९८३ साली सुरू झाला. मज्जा मात्र जुळावी लागते. सख्ख्या भावाची किंवा बहिणीची पुरती जुळण्याचा संभव चारांत एक असतो, म्हणून डॉक्टर आधी भावंडांचे रक्त तपासतात.