ताकाला जाऊन भांडे का लपवायचे?

उन्हाळी सुट्टी लागली की घराघरांत बॅगा भरल्या जातात. कुणी अजमेरला निघते, कुणी दिल्ली-आग्र्याला, कुणी सुरत-अहमदाबादच्या नातेवाइकांकडे. रेल्वेच्या तापलेल्या डब्यात मुले रंगीत शीतपेयाची बाटली मागतात आणि आम्ही पुढच्या स्टेशनावर ताक मिळते का ते पाहतो. घामावाटे अंगातले पाणी आणि मीठ दोन्ही जातात. मीठ घातलेल्या ताकातून दोन्ही परत मिळतात. दही लागताना दुधातल्या साखरेचा काही भाग आम्ल बनतो, म्हणून ज्यांना दूध पचत नाही अशा पुष्कळांना दही-ताक सोसते.

शिवाय गावागणिक त्याचे रूप बदलते, ही प्रवासातली खरी गंमत. गुजरातेत जेवणाबरोबर छाश हवीच. पातळ, भाजलेल्या जिऱ्याची पूड घातलेली. अमृतसरची लस्सी उंच ग्लासात येते, वर सायीचा जाड थर. ती प्यायल्यावर दुपारचे जेवण आठवत नाही. जोधपूरची मखनिया लस्सी इतकी घट्ट असते की चमच्याने खावी. त्याच राजस्थानातल्या खेड्यांत बाजरीचे पीठ ताकात शिजवून राबडी करतात. बनारसला लस्सी कुल्हडात मिळते. तमिळनाडूत नीर मोर, आंध्र-तेलंगणात मज्जिगा, तर केरळात आले, हिरवी मिरची आणि कढीपत्ता घातलेले संभारम. आपल्याकडे जिलेबीबरोबर मठ्ठा आहेच.

पूर्वी खेड्यापाड्यांत ताक विकत घ्यायची वस्तू नव्हती. लोणी काढल्यावर उरलेले ताक शेजारीपाजारी मागून नेत. मागायला जायचे आणि भांडे मात्र पदराआड लपवायचे, या संकोचावरूनच ‘ताकाला जाऊन भांडे लपवणे’ ही म्हण आली. आता आपण पैसे मोजतो, पण संकोच तसाच आहे. गाड्यापाशी उभे राहून ‘पाणी कुठले? यात काय घातले आहे?’ असे विचारायला जीभ रेटत नाही. परक्या गावात नेमके तेच विचारायला हवे.

पहिला प्रश्न पाण्याचा आणि बर्फाचा. दही आंबट असल्यामुळे बऱ्यापैकी टिकते, पण त्यात वरून घातलेले दूषित पाणी त्या आंबटपणाने शुद्ध होत नाही. बर्फाचेही तेच. खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालण्याचा नियम २०१८ साली महाराष्ट्रात आला. म्हणून निळसर बर्फ दिसला की तिथून निघावे. मात्र पांढरा दिसतो म्हणून तो स्वच्छच, असेही नाही. मुले बरोबर असतील तर ‘बर्फ नको’ हे दोन शब्द पुरतात. बंद पाकिटातले ताक घेताना तारीख पाहावी आणि फुगलेले पाकीट परत करावे.

दुसरा प्रश्न आपल्यासाठी त्याहून महत्त्वाचा. उत्तर प्रदेश आणि राजस्थानात भांगेची परवानाधारक दुकाने आहेत. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात गांजाच्या झाडाची नुसती पाने मोडत नाहीत, त्यामुळे भांग तिथे उघडपणे विकली जाते. बनारस, जैसलमेरसारख्या ठिकाणी काही दुकानांत ती लस्सीत आणि थंडाईत घालतात, आणि फळ्यावर कधी कधी नुसते ‘स्पेशल लस्सी’ एवढेच लिहिलेले असते. काजू-बदाम जास्त असतील अशा समजुतीने ती मुलाच्या हाती गेली तर केवढा अनर्थ! जी वस्तू जास्त घेतल्यास नशा आणते, तिचा एक घोटही आपल्याला हराम आहे. तेव्हा ‘भैया, इसमें भांग तो नहीं?’ असे स्पष्ट विचारावे. विकणाऱ्याला या प्रश्नाचा राग येत नाही. त्याला तो रोजचाच असतो.

तिसरा प्रश्न वडीलधाऱ्यांसाठी. अब्बांना मधुमेह असेल तर साखर आणि अम्मीचा रक्तदाब वाढलेला असेल तर मीठ, हे ग्लास भरण्याआधी सांगावे.

आम्ही स्वतः निघताना भाजलेले जिरे, थोडे मीठ आणि वाळलेला पुदिना यांची पूड डबीत भरून घेतो. स्टेशनावर बंद डब्यातले ताजे दही मिळते, पाणी आपल्या बाटलीतले. रुंद तोंडाच्या बाटलीत सगळे घालून झाकण घट्ट लावायचे आणि ती मुलांच्या हाती द्यायची. हलवण्याची पाळी कुणाची, यावर भांडण होते, तेवढे सोडले तर दोन मिनिटांत ताक तयार.

मग ते वाटायचे कसे? हजरत अनस (रजि.) यांच्या घरी प्रेषित मुहम्मद (स.) यांना विहिरीचे पाणी मिसळलेले दूध देण्यात आले होते. त्यांच्या डाव्या हाताला हजरत अबू बक्र (रजि.) होते आणि उजव्या हाताला एक साधा बदू. प्रेषितांनी स्वतः पिऊन झाल्यावर ते पात्र आधी त्या बदूकडे दिले, कारण उजवीकडच्याचा हक्क पहिला. बुखारीच्या संग्रहात ही हदीस आहे. रेल्वेच्या डब्यात आपल्या उजव्या हाताला बसलेला प्रवासी कोणत्या गावचा, कोणत्या धर्माचा, हे आपल्याला ठाऊक नसते. बिस्मिल्लाह म्हणून ग्लास भरावेत आणि पहिला त्याच्यापुढे धरावा. ‘यात काय घातले आहे?’ असे त्याने विचारले, तर आनंदाने सांगावे.