शिवराईची पारख

रोह्याकडच्या जुन्या घरांत देव्हाऱ्यात तांब्याचा जाड, ओबडधोबड पैसा हमखास सापडतो. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. ही शिवराई. ‘लाखाला जाईल ना?’ असे लोक मला विचारतात. बहुधा जात नाही.

शिवराई सुरू केली शिवाजी महाराजांनी. पण तीच अक्षरे पुढे पेशवाईअखेरपर्यंत पाडली गेली. त्या काळात टाकसाळीही खूप वाढल्या. आपल्या नागोठण्यातच १७४४ मध्ये पेशव्यांनी तांब्याच्या पैशांसाठी खासगी टाकसाळीचा परवाना दिला. पैसा दहा मासे, म्हणजे सुमारे पावणेदहा ग्रॅमचा. इंग्लंडात सतराव्या शतकात सुट्या पैशांची टंचाई झाली, तेव्हा दुकानदारांनी परवाना वगैरे न घेता स्वतःच्या नावाची टोकन काढली होती! सरकारने स्वतःचे तांब्याचे नाणे काढून १६७२ मध्ये ती बंद पाडली.

शिवराईची किंमत ठरते अक्षरांवर. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे बहुतेक नाण्यांवर ‘छत्रपति’मधले एखादे अक्षर कापलेले असते. वळणदार अक्षर, ठिपक्यांची पूर्ण कड आणि भरपूर वजन असेल, तर नाणे जाणकाराला दाखवावे. कडेला सांधा किंवा पृष्ठभागावर बारीक छिद्रे दिसली, तर ते ओतीव, म्हणजे बनावट समजावे. आणि कृपा करून चिंचेने घासू नका. तांब्यावरची काळसर झिलई गेली, की संग्राहक तोंड फिरवतो.

शेतात पुरलेली नाणी सापडली, तर मात्र सोनाराकडे जाऊ नये. दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, असे १८७८ चा कायदा सांगतो.