उतारवयात चालण्याची गती

उतारवयातील व्यायामांमध्ये चालण्याला अग्रस्थान दिले जाते, आणि ते योग्यच आहे. त्यासाठी साधने लागत नाहीत, शिक्षक लागत नाही आणि खर्चही जवळजवळ नसतो. परंतु किती वेगाने चालावे, याचा विचार क्वचितच केला जातो. काही वृद्ध भीतीपोटी इतके सावकाश चालतात की, हृदयाला व फुप्फुसांना पुरेसा व्यायामच घडत नाही. काही जण तरुणांची बरोबरी करू पाहतात आणि धापा टाकू लागतात.

एकच वेग सर्वांना मानवत नाही, याचे कारण शरीराच्या घडणीत आहे. श्रम करताना स्नायूंना अधिक प्राणवायू लागतो. तो वापरण्याची शरीराची कमाल क्षमता तिशीनंतर दर दशकाला साधारणपणे १० टक्क्यांनी घटत जाते. सपाट रस्त्यावर ताशी ५ किलोमीटर वेगाने चालताना विश्रांतीच्या तिपटीहून अधिक प्राणवायू खर्च होतो. ज्या तरुणाची क्षमता विश्रांतीच्या दहापट आहे, त्याला हे श्रम जाणवतही नाहीत. ज्या वृद्धाची क्षमता पाचपटच उरली आहे, त्याला मात्र तिचा निम्म्याहून अधिक भाग खर्ची घालावा लागतो. रस्ता तोच, वेगही तोच. पण श्रम दुप्पट! म्हणूनच चालण्याची गती दुसऱ्याच्या पावलांवरून नव्हे, तर स्वतःला होणाऱ्या श्रमांवरून ठरवावी.

हे श्रम ओळखण्याची सर्वांत सोपी खूण म्हणजे श्वास. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, ही मध्यम श्रमांची पातळी होय. सहज गाता येत असेल, तर वेग थोडा वाढवावा. दोन-चार शब्दांनंतरच थांबून श्वास घ्यावा लागत असेल, तर तो कमी करावा. पुष्कळ प्रौढांच्या बाबतीत मिनिटाला सुमारे १०० पावले, म्हणजे १५ सेकंदांत २५ पावले, पडली की ही पातळी गाठली जाते. अशक्त व्यक्तीला याहून कमी पावलेही पुरतात. नाडीच्या ठोक्यांवर मात्र सर्वस्वी विसंबू नये. रक्तदाबावर दिली जाणारी बीटा-ब्लॉकर गटातील औषधे हे ठोके कमी करतात, त्यामुळे श्रमांचा अंदाज चुकतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार ६५ वर्षांवरील व्यक्तींनीही आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमांचा व्यायाम करावा. ज्यांना सलग जलद चालणे झेपत नाही, त्यांनी आलटून पालटून चालावे. तीन मिनिटे जलद व तीन मिनिटे सावकाश चालण्याची अशी पद्धत जपानमधील शिन्शू विद्यापीठाच्या संशोधकांनी अभ्यासली. त्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, पाच महिन्यांत मध्यमवयीन व वृद्ध व्यक्तींच्या मांड्यांचे बळ वाढले आणि रक्तदाब उतरला.

आरंभीची आणि अखेरची पाच मिनिटे नेहमी संथ असावीत. कडक उन्हात, चढावर किंवा आजारातून उठल्यावर नेहमीचा वेग धरण्याचा हट्ट करू नये. छातीत दडपण आले, चक्कर आली किंवा श्वास अवाजवी लागला, तर तत्काळ थांबावे आणि वैद्यकीय सल्ला घेतल्यावाचून पुन्हा आरंभ करू नये. हृदयविकार असलेल्यांनी तर पहिले पाऊल टाकण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे.

पादचाऱ्यांसाठीच्या सिग्नलची वेळ ठरवताना अनेक ठिकाणी सेकंदाला सुमारे १.२ मीटर हा वेग गृहीत धरतात. तेवढ्या वेगाने चालू शकणारा वृद्ध कोणाचा हात न धरता रस्ता ओलांडतो, बाजारहाट करतो आणि आप्तेष्टांकडे जाऊन येतो. रोजच्या चालण्यातून जपायचे असते, ते हेच स्वावलंबन.