रॅकेटबरोबर पुस्तकही

"खेळून पोट भरणार आहे का?" हा प्रश्न आपल्या कितीतरी घरांत मुलांना ऐकावा लागतो. काही घरांत आता याच्या उलटही दिसते. मुलगा बरा खेळतो, एवढ्यावरच त्याच्या अभ्यासाकडे काणाडोळा केला जातो. खेळ आणि तालीम यांची अशी ताटातूट करण्यापूर्वी अमेरिकन टेनिसपटू आर्थर ॲश यांची हकिगत जाणून घ्यावी.

ॲश यांचा जन्म १९४३ साली व्हर्जिनिया राज्यातील रिचमंड शहरात एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. शहरातील चांगली टेनिस कोर्ट गोऱ्यांसाठी राखीव होती. वडील कृष्णवर्णीयांसाठीच्या एका उद्यानाची देखभाल करीत आणि कुटुंब तेथेच राहत असे. त्यामुळे मुलाला घराशेजारीच कोर्ट मिळाले. तो सहा वर्षांचा असताना आई वारली. शाळा ते घर चालत यायला किती वेळ लागतो, हे वडिलांनी स्वतः त्याच्यासोबत चालून मोजले. तेवढ्याच वेळात घरी पोहोचायचे, असा नियम घातला.

दहाव्या वर्षी तो लिंचबर्गच्या डॉ. रॉबर्ट वॉल्टर जॉन्सन यांच्याकडे गेला. हे पेशाने डॉक्टर. उन्हाळ्यात ते कृष्णवर्णीय मुलांना आपल्या घरी ठेवून घेत आणि घरच्याच कोर्टवर टेनिस शिकवीत. पुढे विम्बल्डन जिंकणाऱ्या अल्थिया गिब्सन यांनाही त्यांनीच घडवले होते. त्यांची शिस्त कडक होती. पंचांशी हुज्जत घालायची नाही. प्रतिस्पर्ध्याचा चेंडू रेषेच्या किंचित बाहेर पडला तरी तो आतच पडला असे मानायचे. या मुलांना स्पर्धेतून घालवून देण्यासाठी कोणाला निमित्त सापडू नये, हा त्यामागचा हेतू. या तरबियतीचा संयम ॲश यांच्यात अखेरपर्यंत दिसला.

टेनिसमुळे त्यांना लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळाली आणि १९६६ मध्ये ते पदवीधर झाले. १९६८ मध्ये अमेरिकन ओपन आणि १९७५ मध्ये विम्बल्डन त्यांनी जिंकले.

परंतु स्वतः वर चढून शिडी काढून घेणाऱ्यांपैकी ते नव्हते. १९६९ मध्ये चार्ली पासारेल आणि शेरिडन स्नायडर यांच्यासोबत त्यांनी 'नॅशनल ज्युनियर टेनिस लीग' सुरू केली. क्लबातला हा महागडा खेळ गरीब वस्त्यांतील मुलांपर्यंत मोफत किंवा अल्प खर्चात पोहोचवायचा, आणि खेळाच्या ओढीने आलेल्या मुलांना शिक्षणाची गोडी लावायची, अशी ती कल्पना. पुढे नावातील 'लीग' जाऊन 'लर्निंग', म्हणजे शिक्षण, हा शब्द आला. आज तिच्या अनेक केंद्रांत खेळाबरोबर गृहपाठातही मदत मिळते. ॲश यांच्या नावाने मुलांसाठी निबंध स्पर्धाही होते.

हार्लेमच्या अशाच केंद्रात खेळू लागलेला जेम्स ब्लेक २००६ मध्ये जागतिक क्रमवारीत चौथ्या स्थानी पोहोचला. मात्र असे यश हजारांत एखाद्यालाच मिळते, हे ॲश ओळखून होते. १९७७ मध्ये त्यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मधून कृष्णवर्णीय पालकांना जाहीर पत्र लिहिले. मुलांना ग्रंथालयात पाठवा, हे त्याचे सार. शाळेत नामवंत खेळाडूला बोलावण्याऐवजी संघात ज्याला संधीच मिळाली नाही अशाला बोलवा, असेही त्यांनी सुचवले. खेळाडूला विचारा, पदवी पूर्ण केलीस का? उद्या अपंगत्व आले तर काय करशील? विम्बल्डन जिंकलेला माणूस हे लिहीत होता, म्हणून त्याचे मोल अधिक.

शिक्षिका म्हणून मला यातून एक गोष्ट उमगते. वर्गात बोलावूनही न येणारे मूल मैदानावर न बोलावता येते. तेथे त्याची वाट पाहणारे, वेळेवर येणारे आणि "आज शाळेत काय शिकलास?" असे विचारणारे मोठे माणूस हवे. रॅकेट नसेल तर चेंडूही चालेल. आपल्या मोहल्ल्यातील मुले संध्याकाळी खेळतच असतात. खेळ संपल्यावर अर्धा तास त्यांच्याजवळ पुस्तक घेऊन बसायला आपल्यापैकी कोण तयार आहे?