प्रबंधाचा हलता आराखडा

दीडशे-दोनशे पानांचे लेखन वाक्य सुचत नाही म्हणून क्वचितच अडते. कुठला मुद्दा कुठे घ्यायचा हे ठरत नाही म्हणून अडते. आउटलायनर म्हणून ओळखली जाणारी सॉफ्टवेअर या अडचणीसाठीच आहेत. त्यांत मजकूर सलग पानांत दिसत नाही. मुद्दा, त्याखाली उपमुद्दे, त्यांच्या पोटात तपशील अशी उतरंड दिसते. मुद्दा मिटवला की खालचे सगळे झाकले जाते, उघडला की समोर येते. मुद्दा उचलून दुसरीकडे नेला, की त्याच्या पोटातला मजकूर तळटिपांसकट सोबत जातो.

तोच ऐवज वेगळ्या क्रमाने लावला की वेगळा ग्रंथ होतो, हे मराठीला पहिल्यापासून ठाऊक आहे. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात चक्रधरांच्या आठवणी गोळा करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. त्याची मांडणी काळाप्रमाणे आहे: एकांक, पूर्वार्ध, उत्तरार्ध. पैठणच्या मुक्कामातल्या लीळा त्या काळाच्या जागी येतात. पुढे केसोबासांनी त्याच ऐवजातली चक्रधरांची वचने निवडून विचार, आचार अशा विषयवार प्रकरणांत लावली आणि ‘सूत्रपाठ’ तयार झाला. अर्थात, ही फेरमांडणी हाताने उतरवून काढावी लागली.

आराखड्याचे स्वतंत्र मोल दाखवणारे दुसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. महाराष्ट्र शासनाने 1987 साली वसंत मून यांच्या संपादनाखाली आंबेडकरांच्या इंग्रजी लेखनाचा तिसरा खंड काढला. त्यात नियोजित ग्रंथांच्या आराखड्यांचा वेगळा विभाग आहे. भारत आणि साम्यवाद या विषयावरच्या नियोजित ग्रंथाची अनुक्रमणिका त्यात भागवार लावलेली दिसते. प्रत्यक्ष लिहून झालेला मजकूर मात्र थोडाच सापडला. ग्रंथ राहिला, पण त्यांचा युक्तिवाद कोणत्या पायऱ्यांनी जाणार होता हे त्या अनुक्रमणिकेवरून आजही कळते.

संगणकावर ही कल्पना आणली डग्लस एंगलबार्ट यांनी. 9 डिसेंबर 1968 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी केलेले प्रात्यक्षिक माउससाठी प्रसिद्ध आहे. पण त्याच कार्यक्रमात त्यांनी बाजारहाटाची यादी पडद्यावर घेतली, वस्तूंचे गट पाडले, गट मिटवून-उघडून दाखवले. घरगुती संगणकावर ही सोय डेव्ह वायनर यांच्या ‘थिंकटँक’ने 1983 मध्ये आणली. पुढे ती वर्डसारख्या लेखन-सॉफ्टवेअरमध्येच मुरली आणि वेगळे नाव न राहिल्यामुळे बहुतेकांच्या नजरेआड गेली.

छत्रपती संभाजीनगरात या सोयीची सर्वाधिक गरज आहे ती पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना. 1958 साली स्थापन झालेल्या आणि 1994 च्या नामविस्तारानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विद्यापीठात, इतर विद्यापीठांप्रमाणेच, संशोधनाचा आराखडा आधी मंजूर करून घ्यावा लागतो. मंजूर आराखडा फाइलला लागतो आणि तिथेच राहतो. संशोधन मात्र पुढे सरकते, आणि दोन-तीन वर्षांनी प्रकरणांची जुनी विभागणी हाती आलेल्या माहितीला पुरत नाही.

समजा, विषय आहे जालना जिल्ह्यातील मोसंबी बागायतदारांचे अर्थकारण. आराखड्यात प्रस्तावना, पूर्वसंशोधनाचा आढावा, संशोधन पद्धती, लागवड व खर्च, बाजारपेठ आणि निष्कर्ष अशी सहा प्रकरणे आहेत. गावोगाव मुलाखती झाल्यावर दिसते की 2012-13 चा दुष्काळ सगळीकडे डोकावतो आहे. टँकरच्या पाण्याचा खर्च चौथ्या प्रकरणात गेला, घटलेली आवक पाचव्यात, तोडलेल्या बागांचा उल्लेख निष्कर्षात. सलग फाइलमध्ये हे तीन तुकडे पन्नास-साठ पानांच्या अंतरावर असतात आणि एकमेकांशी ताडून पाहिले जात नाहीत. आराखड्याच्या दृश्यात तिन्ही शीर्षके एका पडद्यावर येतात. वर्डमध्ये ऑल्ट आणि शिफ्ट दाबून वरच्या-खालच्या बाणाने त्यांना एकत्र आणता येते, डाव्या बाणाने मुद्द्याची पायरी वाढवता येते, उजव्याने उतरवता येते. ‘दुष्काळ आणि बाग’ असे नवे शीर्षक घालून तिन्ही तुकडे त्याखाली घेतले, की स्वतंत्र प्रकरण उभे राहते. ते टिकेल की नाही, हे मार्गदर्शकांना दहा मिनिटांत दाखवता येते.

हे सगळे एका अटीवर चालते: शीर्षक हे शीर्षक आहे, हे सॉफ्टवेअरला कळले पाहिजे. आपल्याकडे गाडी इथेच अडते. शीर्षक म्हणजे अक्षर ठळक करायचे आणि आकार वाढवायचा, ही टायपिंगच्या दुकानापासून विभागाच्या कार्यालयापर्यंत रुळलेली सवय. डोळ्यांना ते शीर्षक दिसते. संगणकाच्या लेखी ती फक्त जाड अक्षरे. स्टाइल्समधून ‘हेडिंग 1’, ‘हेडिंग 2’ निवडले तरच उतरंड तयार होते आणि अनुक्रमणिका आपोआप निघते. ‘4.2’ असे आकडेही हाताने टाइप करू नयेत. प्रकरण हलले की ते चुकतात. ते बहुस्तरीय क्रमांकनावर सोपवावेत, त्यात देवनागरी अंकही मिळतात.

दुसरी अडचण फाँटची. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर पानावर मराठी दिसतो. बाजूच्या शीर्षकांच्या पट्टीत मात्र रोमन अक्षरांची खिचडी उमटते. शोध घेता येत नाही, अनुक्रमणिकाही बिघडते. युनिकोडमध्ये लिहिण्याला म्हणूनच पर्याय नाही.

कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, हा प्रश्न वाटतो तितका मोठा नाही. ज्यांच्याकडे वर्ड आहे त्यांना नवे काही लागत नाही. लिबरऑफिस रायटर फुकट आहे. त्यात एफ5 दाबले की नॅव्हिगेटर उघडतो. वर्कफ्लोवी मोबाइलवर मुद्दे टिपायला सोपे, पण तळटिपा आणि संदर्भसूचीसाठी नाही. 2007 पासून मिळणारे स्क्रिव्हनर कादंबरीकारांना आणि चरित्रकारांना मानवते, कारण त्यात प्रत्येक प्रसंग वेगळ्या चिठ्ठीवर ठेवता येतो. ते विकत घ्यावे लागते, आणि प्रबंधासाठी ती चैनच आहे.

या साधनाची एक खोड सांगायला हवी. मुद्दे हलवण्यात काम झाल्याचा आनंद मिळतो आणि लिहायचे राहून जाते. शिवाय दोन मुद्दे शेजारी आले म्हणून त्यांच्यातला कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. तो जोडणारा परिच्छेद लिहावाच लागतो. कविता किंवा ललित लेखाला तर अशी उतरंड बहुधा जाचकच ठरते.

प्रबंध टायपिंगला द्यायचा असेल, तर आधीच दोन गोष्टी ठरवून घ्याव्यात: मजकूर युनिकोडमध्ये हवा आणि प्रत्येक शीर्षक हेडिंग स्टाइलमध्ये हवे. छपाईच्या आदल्या रात्री ही दुरुस्ती होत नाही.