ग्रीन कार्डाच्या रांगेत असताना कंपनी बदलली तर?

कामरगाव असो की कारंजा, मुलगा अमेरिकेत एच-१बी व्हिसावर असला की घरच्यांना धास्ती असतेच: कंपनी सोडली तर ग्रीन कार्डाचा नंबर जाईल का?

जात नाही, पण वेळ साधावी लागते.

२००० साली अमेरिकेत झालेल्या कायद्यामुळे, नव्या कंपनीने एच-१बीचा रीतसर अर्ज दाखल केला की मंजुरीची वाट न पाहता तिथे रुजू होता येतं. ग्रीन कार्डाचा शेवटचा अर्ज, आय-४८५, १८० दिवस प्रलंबित असेल तर तशाच स्वरूपाच्या कामात नोकरी बदलूनही तो टिकतो.

खरी मेख त्याआधी आहे. एका देशाच्या वाट्याला साधारण ७ टक्केच ग्रीन कार्डं येत असल्यानं भारतीय वर्षानुवर्षं आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीनं करायचा अर्ज) मंजूर होऊनही थांबून राहतात. या टप्प्यावर कंपनी बदलली तर नव्या कंपनीला बहुतेकदा कामगार खात्याच्या मंजुरीपासून सगळं पुन्हा करावं लागतं. रांगेतली जुनी तारीख मात्र सहसा कायम राहते. आय-१४०च्या मंजुरीला १८० दिवस झाले असतील, तर जुन्या कंपनीनं तो मागे घेतला तरी एच-१बीच्या सहा वर्षांच्या मर्यादेपुढची मुदतवाढ मागता येते.

नोकरीच गेली तर २०१७ पासून नवी नोकरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. म्हणून राजीनाम्याआधीच आय-१४०च्या मंजुरीपत्राची प्रत मागून घ्यावी आणि वकिलाला दाखवावी.